सुनंच्या हातचा ब्रेक

मेस्त्री कुठं हायत म्हणून इचारलंत न्हवं? ही काय, तुमच्या म्होरं बसलीया. गोणपाट अंथरून, ड्रेसवर सूरजचा जुना फौजी शर्ट चढवून, तुमच्या गाडीचा ब्रेक हातात उलटा धरून बसलीया तीच मेस्त्री. संयोगिता. माझी सून. तुमच्यावानी लय जणं येत्यात ह्या दारात. तिच्या डोक्यावरनं आत घरात बघत्यात आन ‘मेस्त्री हायत का’ म्हणत्यात. पैलं मला राग यायचा. आता मी म्हणती, बघू द्या, मान दुखली की खाली बघतील. बसा त्या बाजल्यावर. मी हरणाबाई. तिचं काम हुईस्तवर माझं ऐका, न्हाईतरी ती कामात असली की बोलत न्हाई आन मला गप बसवत न्हाई.

ह्याला कॅलिपर म्हणत्यात. तुमाला ठावं असंल, मला न्हवतं. पुढच्या चाकात ती लोखंडी चकती असती न्हवं, डिस्क, तिला दोन्ही अंगानं पकडणारा हा डबा. आत पिस्टन, पिस्टनला रबराचं सील, आन पुढं दोन पॅड. लिव्हर दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड चकतीला आवळत्यात आन गाडी उभी राहती. चिखल गेला, गंज धरला की पिस्टन आत अडकून बसतो. मग ब्रेक एकतर लागत न्हाई, न्हाईतर लागला की सुटत न्हाई. गॅरेजवालं म्हणत्यात, फेका आन नवा टाका. आमची म्हणती, आणा हिकडं, खोलून बघते.

तिचं माहेर सांगली जिल्ह्यातलं, पलूसच्या अंगाला. वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं. ही ल्हानपणापासनं त्यांच्या शेजारी बसून बेरिंगं आन सीलं चिवडत वाढलेली. लग्न ठरवताना तिची मावशी मला म्हणली, ‘पोरगी गुणाची हाय, फकस्त सैपाकात जरा हळू हाय.’ जरा म्हणं. आवं, तिच्या भाकरीवर आमचं कुत्रं सुदीक रुसतं. मी पैलं वरीस लय कुरकुर केली, मग एक दिवस म्हणलं, जाऊ दे, भाकरी मी करीन, मला येती.

सूरज माझा लेक, फौजेत हाय. सुट्टी संपली की त्यो जातो आन त्याची गाडी हिच्या ताब्यात राहती. त्यांच्या लेकीला, आमच्या शिवांजलीला, साळंत सोडायचं, कराडचा बाजार करायचा, समदं त्या गाडीवर. एका उन्हाळ्यात पुढचं चाक जाम झालं. भर उन्हात हायवेच्या कडंनं ढकलत आणली तिनं गाडी, त्वांड लालबुंद. गॅरेजवाला म्हणला, आख्खा सेट बदलाय लागंल, पुण्यासनं मागवाय लागंल. हिनं इचारलं, आत झालंय काय ते तरी सांगा. त्यो म्हणला, ‘वैनी, ते तुमाला सांगून काय उपेग?’

बास. तेवढं एक वाक्य पुरलं तिला. गाडी घरी आणली आन परसात धुण्याच्या दगडावर कॅलिपर खोलून ठेवला. मोबाइल भिंतीला टेकवून त्यातलं बघायचं, थांबवायचं, परत बघायचं. पिस्टन काय केल्या निघंना. मग तिनं सायकलचा हवेचा पंप काढला, नळी ऑइल जातं त्या भोकाला धरली आन मला म्हणली, ‘आत्या, मारा हवा.’ मी मारली. माझ्या अंगात अजून ताकद हाय बघा. त्यो पिस्टन असा सुटला की न्हाणीच्या दारावर जाऊन धडकला. खोक पडलीया दाराला. तवापासनं ती पुढं लाकडाचा तुकडा फडक्यात गुंडाळून ठेवती, आन मला म्हणती, ‘आत्या, दमानं.’

आतल्या खाचेत पांढरं पापुद्रं धरलेलं असतं, चुन्यासारखं. ते साफ निघाल्याबिगर सील नीट बसत न्हाई. सुईनं खरवडलं तर खाचेला चरा पडतो आन तिथनं ऑइल झिरपतं. मग तिनं काय करावं? माझ्या नव्या कोऱ्या सुपाची काडी मोडली. बांबूची काडी, टोक तासून घेतली, आन त्या काडीनं खाच कोरत बसली. मी आरडाओरडा केला की, वटपौर्णिमेला घेतलेलं सूप हुतं माझं. आता त्या सुपात निम्म्याच काड्या ऱ्हायल्यात, पर आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी गाड्या त्या काड्यांवर थांबत्यात, तवा मी काय बोलत न्हाई.

पैल्या खेपंला तिची बी चूक झाली. पाण्याच्या मोटारीला लावायचं साधं ग्रीस तिनं सीलला लावलं. पिस्टन लोण्यासारखा आत गेला, आमी दोघी खूश. थोड्या दिवसांत ब्रेक परत जाम. खोलून बघतीया तर रबर भिजत घातलेल्या हरभऱ्यावानी फुगलेलं. त्या रबराला ग्रीस चालत न्हाई, खायचं त्याल चालत न्हाई, ब्रेक ऑइलशिवाय कायच चालत न्हाई. त्या दिवसापासनं तिनं घरात कायदा केला. सैपाकाचा हात तिच्या सामानाला लावायचा न्हाई. मी फोडणी टाकून आली की मला साबणानं हात धुवाय लावती, कोपरापर्यंत. सासू मी का ती, माझं मलाच कळत न्हाई कदी कदी.

मग हळूहळू लोकं यायला लागली. पैली आली साळंतली मास्तरीणबाई, मग पाटणकडचा पोस्टमन, मग डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं. घाटानं उतरणाऱ्या माणसाला ब्रेकचं मोल कळतं. ऑइल भरलं की नळीतली हवा काढावी लागती, त्याला दोन माणसं लागत्यात. एकानं लिव्हर दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालचा नट ढिला करायचा. लिव्हरवर मी असती. म्हंजे तुमच्या ब्रेकात निम्मा हात माझा बी हाय, हे तिला सांगू नका.

आता आमच्या सुभेदारांचं सांगती, म्हंजे माझ्या मालकांचं. लालासाहेब त्यांचं नाव, पर आख्खं उंब्रज सुभेदार म्हणतं, म्हणून मी बी सुभेदारच म्हणती. फौजेतनं पेन्शनीत आलेले. सुनंच्या कामाला त्यांनी कदी नको म्हणलं न्हाई, पर व्हय बी म्हणलं न्हाई. ती परसात कामाला बसली की ते आपली खुर्ची उचलून म्होरल्या अंगणात न्यायचे आन रस्त्याकडं त्वांड करून बसायचे. पाव्हणं आलं आन इचारलं, की म्हणायचे, ‘सूरजची बायको जरा गाडीबिडीचं बघती.’ गाडीबिडीचं म्हणं. ती बिचारी दिवसभर खपून माणसांचं जीव राखती आन हे गाडीबिडीचं म्हणत्यात. मी त्यांना एकदा ऐकवलं, तुमी फौजेत बंदूकबिंदूक चालवली का हो? तवा दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

आन मग गेल्या खंडेनवमीला ते घडलं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असती. इळा, खुरपं, कुऱ्हाड, कुदळ, नांगराचा फाळ, वाडवडलांची तलवार, आन ट्रॅक्टर. ही पूजा सुभेदार दुसऱ्या कुणाला करू देत न्हाईत. प्रत्येक लोखंड धुवायचं, पुसायचं, त्यावर त्यालाचा हात फिरवायचा, मगच हळदकुंकू. फौजेत रायफलीला त्याल लावल्याबिगर ठेवत न्हाईत, तशी शिस्त. कोरड्या लोखंडाला कुंकू लावणं म्हंजे त्यांच्या लेखी त्या हत्याराचा अपमान.

तर ह्या खेपंला पाट मांडून झाला, तलवार ठेवली, इळा ठेवला, आन माझ्याकडं न बघता म्हणले, ‘तिची बी आण म्हणावं.’

मी म्हणलं, ‘कुणाची? काय?’

‘सुनंची हत्यारं. आण म्हणावं.’

मी पळत परसात गेली. संयोगिताला आदी खरं वाटंना. तिनं पाने धुतले, पक्कड धुतली, त्यो सायकलचा पंप पुसला, आन बांबूच्या काड्या सुदीक ताटात घातल्या. सुभेदारांनी एकेक उचलून तलवारीच्या शेजारी मांडलं. त्या काड्यांकडं जरा बघत ऱ्हायले, मग त्यांना बी कुंकू लावलं. माझं डोळं भरलं, खोटं कशाला सांगू. वाडवडलांच्या तलवारीशेजारी आमच्या सुनंची पक्कड. मला तर वाटलं, आख्ख्या गावाला बोलावून दावावं.

तेवढ्यावर थांबले न्हाईत. म्होरल्या अंगणात ज्ञानूची गाडी उभी हुती. ज्ञानू आमच्या भावकीतला, बाळाबाईचा लेक, वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला घालतो. त्याचा ब्रेक संयोगितानं नवीन सील टाकून बसवला हुता आन आदल्या दिवशी पाटणच्या रस्त्याला जाऊन, उताराला दाबून, चालवून बघितला हुता. आता फकस्त ज्ञानूनं येऊन न्यायची. सुभेदार म्हणले, ‘ही बी तिच्या हाताखालनं गेलेली. हिची बी पूजा झाली पायजे.’ आन पाण्याची बादली, फडकं, ताट घिऊन एकटेच गेले. आमी दोघी निवदाच्या गडबडीत. मी बाहेर आली तवा गाडी अशी चकाकत हुती, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर स्वस्तिक. ज्ञानूनं शोरूममधनं आणली तवा बी एवढी देखणी नसंल.

दसऱ्याला सकाळी ज्ञानू दुधाच्या घाईत लवकर आला. संयोगिता न्हाणीत हुती. ती कुणाला बी गाडी देताना स्वतः एकदा चालवून मग देती, पर त्या दिवशी चावी सुभेदारांनीच दिली. म्हणले, ‘काल पूजा केलीया, सावकाश जा.’ ज्ञानू माळ उडवत गेला.

ऊन चढायच्या आत बातमी आली. सपाटीला मागच्या ब्रेकावर भागलं, पर भरल्या किटल्या घिऊन ज्ञानू उताराला आला, समोर ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यानं पुढचा ब्रेक दाबला आन गाडी थांबंना. मागच्या एकट्या ब्रेकाला ते ओझं आवरंना. पोरानं शानपणा केला, गाडी कडंच्या उसात घातली. उसानं वाचवला त्याला. हाताचं हाड मोडलं, दूध समदं रस्त्यावर, पर जीव वाचला.

बाळाबाई आमच्या दारात आली. नात्यानं माझी जाऊ. एकमेकीला टोचून बोलायची संधी सोडत न्हाई तसलं आमचं नातं, पर त्या दिवशी ती रडत हुती. म्हणली, ‘हरणे, तुझ्या सुनंनं माझं पोरगं घालवलं असतं. ब्रेक म्हंजे भाकरी हाय व्हय गं, जमली तर जमली?’ संयोगिता दारात उभी. तिच्या त्वांडाकडं बघवंना.

गावात वारं लागाय किती येळ लागतो? बाईच्या हातचा ब्रेक, बाईच्या हातचा ब्रेक. दुपारपर्यंत लोकं आपापल्या गाड्या न्यायला आली. एकाचा कॅलिपर खोलून ठेवला हुता, त्यो म्हणला ऱ्हाऊ दे, असाच द्या. डबा एका पिशवीत, पिस्टन दुसऱ्या पिशवीत घालून नेला त्यानं. मास्तरीणबाई तेवढी आली न्हाई. बाकी अंगण मोकळं झालं.

सुभेदार उठून परसात आले. त्यांच्या आवाजात राग न्हवता, त्याचीच मला भीती वाटली. म्हणले, ‘बास झालं आता. हे समदं बांध आन माळ्यावर टाक. माणसाच्या जिवाशी खेळ नको. उद्यापासनं ब्रेकला हात लावायचा न्हाई.’

संयोगिता म्हणली, ‘मामा, ज्ञानूची गाडी मला एकदा उघडून बघू द्या. माझी चूक निघाली तर तुमी सांगायच्या आदी मी बांधून ठेवते. जन्मात परत हात लावणार न्हाई.’

ते म्हणले, ‘उघड.’

ती एकटी गेली. उसाच्या कडंला गाडी पडली हुती, ती उभी केली आन ढकलत आणली. सणाचा दिवस, रस्त्याला माणसं, नटलेली पोरंबाळं. एकानं हात लावला न्हाई. मी वेशीपर्यंत सामोरी गेली आन मागनं ढकलाय लागली. मला एकदाच म्हणली, ‘आत्या, चाकाला हात लावू नका. हाय तसं ऱ्हाऊ द्या.’

ती कामाला बसली तशी सुभेदारांनी खुर्ची आणली आन पैल्यांदा तिच्याकडं त्वांड करून बसले. तिनं ऑइल बघितलं, भरलेलं. नळी बघितली, कोरडी. कॅलिपर खोलला, सील जागच्या जागी, पिस्टन अंगठ्यानं आतबाहेर हुतोय. कुठं गळती न्हाई, कुठं अडकलेलं न्हाई. मला वाटलं, आता पोरगी हसंल. पर तिचं त्वांड आणखीच उतरलं. समदं बरोबर असून गाडी थांबली न्हाई, मग थांबली का न्हाई? त्या पाण्याच्या मोटारी करणाऱ्या बापाची लेक ती, तिला उत्तर न मिळता गप बसवत न्हाई.

मग तिनं पॅड काढलं. पॅडचं अंग खरबरीत असाय पायजे, ते काचंसारखं गुळगुळीत झालेलं. तिनं चकतीवरनं बोट फिरवलं, बोटाला अंगठा घासला, वास घेतला. माझ्याकडं बघितलं. उठली, पाणी तापवायच्या चुलीवर फुटका तवा ठेवला आन त्यावर पॅड उलटं टाकलं.

जरा येळानं पॅडमधनं घाम फुटल्यागत थेंब वर आलं, मग धूर सुटला. आन त्या धुराचा वास माझ्या नाकात गेला.

करडीचं त्याल. आता गावात समदी पुड्यातलं सोयाबीनचं त्याल खात्यात. घाण्यावरनं करडीचं त्याल आणणारं घर आमचं एकट्याचं, कारण सुभेदारांना दुसरं चालत न्हाई. आयुष्यभर मी त्या त्यालाची फोडणी दिलीया. डोळं बांधा आन आमचं घर वळखा म्हणला, तर त्या वासावर मी वळखीन.

माझ्या डोक्यात समदं एकदम उघडलं. बादली, फडकं, ताट. कोरड्या लोखंडाला कुंकू न लावणारा माणूस. त्यानं गाडी धुतली, आन चाकातली ती चकती, लोखंडच की, तिच्यावर बी मायेनं त्यालाचा हात फिरवला. जिथं पॅडनं आवळून धरायचं, तिथंच त्याल. गाडी थांबणार कशी?

मी त्वांड उघडलं. अशी काय ऐकवणार हुती मी, की फौज इसरली असती त्यांनी. तर संयोगितानं माझं मनगट धरलं.

‘आत्या, नको.’

‘का नको? तुझं नाव घालवलं की त्यांनी.’

ती हळू म्हणली, ‘मामांनी पैल्यांदा माझ्या कामाची पूजा केलीया. त्यावरनं मी त्यांना बोलू?’

सुभेदार खुर्चीवरनं उठले, चुलीपाशी आले, तव्यावर वाकले. धूर नाकात घेतला. त्यांना बी त्यो वास माझ्याएवढाच ठावं हाय, आयुष्यभर त्याच फोडणीचं जेवलेत. आमच्या कुणाच्या त्वांडाकडं बघितलं न्हाई. पायात वहाणा घातल्या आन शेताकडं चालत गेले. दिवेलागणीला आले, जेवत न्हाई म्हणले, भिंतीकडं त्वांड करून पडले.

सैपाकघरात मी संयोगिताला म्हणलं, ‘तू गप बस, पर मी उद्या मारुतीच्या पारावर उभी राहून सांगीन.’

ती म्हणली, ‘कोण ऐकंल? सुनंला वाचवाय सासू म्हाताऱ्यावर ढकलतीया म्हणतील. माझा ब्रेक बी खोटा ठरंल आन घर बी हसण्यावारी जाईल.’ आन तिनं खरंच पाने फडक्यात बांधाय घेतले. काड्या तेवढ्या मला परत दिल्या, म्हणली, तुमच्या सुपाच्या हायत.

सकाळी बघती तर सुभेदारांनी कोट घातलेला. झेंडावंदनाला घालत्यात त्यो, छातीवर समदी पदकं. दाढी घोटलेली.

मी म्हणलं, ‘कुठं निघाला?’

‘ज्ञानूला बघाय. तू चल. आन तिला बी घे. ते पॅड घे म्हणावं संगं.’

बाळाबाईचं अंगण माणसांनी भरलेलं. दुखणेकऱ्याला बघाय गाव येतंच. ज्ञानू ओसरीवर बाजल्यावर, हात गळ्यात बांधलेला. आमाला बघून बोलणं थांबलं. बाळाबाईनं त्वांड फिरवलं, पर सुभेदार म्हणल्यावर कुणीतरी खुर्ची पुढं केली. ते बसले न्हाईत. अंगणाच्या मधोमध उभे ऱ्हायले, हात दोन्ही बाजूला सरळ.

म्हणले, ‘ज्ञानू, ब्रेक बिघडला न्हवता. मी बिघडवला. खंडेनवमीची पूजा करताना मी त्या चकतीला त्याल लावलं. तू पडलास ते माझ्यामुळं.’

आदी कुणाला उमजंना. मग मागनं एकजण खुदकन हसला. मग आणखी एक. गावाला असलं काय मिळालं तर गाव सोडतंय व्हय? बाळाबाई फणकाऱ्यानं म्हणली, ‘भावजी, आवं एवढी फौज केली आन चाकाला त्याल लावलंत? आन आता सुनंसाठी तुमी खोटं बोलत न्हाई कशावरनं? तुमाला काय कळतंय ब्रेकातलं?’

ह्या माणसाला हसलेलं खपत न्हाई. लग्नाच्या पंगतीत कुणी थट्टा केली तर पानावरनं उठलेला माणूस त्यो. पर त्या दिवशी हलले न्हाईत.

‘काय बी कळत न्हाई,’ ते म्हणले. ‘कळलं असतं तर त्याल लावलं नसतं. ज्याला कळतं त्यानं सांगावं.’ आन मागं वळून म्हणले, ‘संयोगिता, पुढं ये. सांग ह्यांना.’

आवं, ती घरात आल्यापासनं ह्या माणसानं तिला कदी नावानं हाक मारली न्हवती. सूरजची बायको, शिवांजलीची आई, न्हाईतर नुसतं ‘कोण हाय तिकडं’. आन आज भरल्या अंगणात, चारचौघांत, तिचं नाव. ती माझ्या मागं उभी हुती. मग तिनं ओढणी खांद्यावर नीट घेतली आन गेली पुढं.

आन बोलली. गप गप असणारी ती, अशी बोलली की मी बघतच ऱ्हायली. पॅड कसं आवळतं, त्याल कुठं गेलं, ऑइल भरलेलं कसं निघालं, सील कोरडं कसं निघालं, समदं खणखणीत. आवाज चढवला न्हाई आन पाडला बी न्हाई. शेवटाला पॅड बाळाबाईच्या हातात दिलं. ‘काकी, तुमीच वास घ्या.’

बाळाबाईनं नाकाला लावलं. परत लावलं. गावात करडीचं त्याल कुणाच्या घरात हाय ते तिला सांगाय लागत न्हाई, अडीअडचणीला वाटी घिऊन तीच येती. ती सुभेदारांकडं बघत म्हणली, ‘तुमचंच हाय भावजी.’ त्यानंतर कुणी हसलं न्हाई.

सुभेदारांनी ज्ञानूपाशी जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘हात बरा हुईस्तवर तुझं दूध मी घालीन,’ म्हणले. आन घातलं बी. पेन्शनीतला सुभेदार किटल्या लावून वस्त्या फिरत हुता, विचारा कुणाला बी.

पर ते नंतर. त्या दिवशी अंगणात ज्ञानू बाजल्यावरनं म्हणला, ‘वैनी, माझी गाडी कवा देताय?’

मी संयोगिताकडं बघितलं. सुभेदार बी बघत हुते. आदल्या रातीला पाने बांधून ठेवलेली पोरगी, मला वाटलं आता रडंल. तिनं डोळं पुसलं न्हाईत, कारण पुसण्यासारखं काय न्हवतंच. ज्ञानूच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडं बोट केलं.

‘हात बरा झाल्यावर,’ ती म्हणली. ‘नवीन पॅड टाकून ठेवते. पर एका हातानं दाबायला माझा ब्रेक मी कुणाला देणार न्हाई.’

भरल्या अंगणात, समद्या बाप्यांच्या म्होरं, तिनं ‘माझा ब्रेक’ म्हणलं, आन एकजात समद्यांनी मान खाली घालून ऐकलं. एकट्या सुभेदारांची मान तेवढी वर हुती.